कापडामागचे दोन प्लेअर

बाईंच्या घरात एक खोली अशी होती की तिथे घड्याळ चालत नसे, कारण ते टिकटिक करतं. पंखा चालत नसे, कारण तो घरघरतो. खिशात किल्ल्या घेऊन आत जायची सोय नव्हती. खिडकी होती, पण ती आतून फळ्या ठोकून बुजवलेली. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस उकडून निघायचा, पण स्पीकरमधलं कुजबुजणं म्हणे अगदी स्वच्छ ऐकू यायचं.

ही खोली आधी लेकीची होती. लेक लग्न करून गेली आणि दोन महिन्यांत तिचा पलंग विकला गेला. भिंतींना जाड काळं कापड लागलं, आणि ते शिवलं कोणी? बाईंनीच. त्या पडदे शिवायचं काम करत. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं. अर्ध्या गल्लीच्या खिडक्यांना त्यांच्या हातचे पडदे होते. नवऱ्यानं माप दिलं, त्यांनी शिवून दिलं. शिवताना दोन सुया मोडल्या. कापडच तर आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काय, असं त्या स्वतःला म्हणाल्या, आणि ते साफ खोटं होतं.

नवरा वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. उभी नोकरी दुकानदारांच्या काट्याखाली वाकून बघण्यात गेली. कुठे चुंबक चिकटवलाय, कुठे वजनाचं बूड पोखरलंय, हे तो बरोबर हुडकून काढायचा, आणि घरी आला की जेवताना त्याचंच पुराण. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा गडी सिनेमाच्या डिस्कांकडे वळला. ऑफिसात त्याला 'कानसेन' म्हणत. थट्टेनं म्हणत, पण ह्यानं ते नाव बिरुदासारखं मिरवलं. कोणाच्या घरी टीव्ही घ्यायचा, कोणाला स्पीकर घ्यायचे, की आधी कानसेनांना विचारा. डिस्कचा प्लेअर कोणता चांगला हे तर दुसऱ्या कोणी सांगायचंच नाही. स्वतःचा प्लेअर जुना, पाटीसारखा जड, आणि त्याच्यावर भारी जीव. बायकोच्या वाट्याला उभ्या संसारात आले नसतील इतके शब्द त्या डब्याच्या कौतुकात खर्च झाले होते.

लेकीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा. साधा, शांत, जरा बुजरा. त्याच्यात वाईट काय होतं ते कानसेनांना कधीच सांगता आलं नाही. "मला विचारलं नाही," एवढंच. तीन वर्षं बापलेकीचं बोलणं नव्हतं. लेक आईला फोन करायची तोसुद्धा दुपारी, बाप झोपला असेल अशी वेळ साधून. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून, तोंडावर पदर धरून बोलायच्या. आपल्याच घरात आपल्याच लेकीशी चोरून बोलायचं, अशी गत.

आणि मग नशीब जरा वळलं. लेकीची बदली याच गावात होण्यासारखी होती. तिला हो की नाही तेवढं कळवायचं होतं. बाईंनी लगेच हिंडून दोन गल्ल्या सोडून एक घर बघितलं. तीन खोल्या, मागे उजेड. मालकाला शब्दही दिला. त्या खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन आल्या. लेक म्हणाली, "आई, मला यायचंय गं. पण दोन गल्ल्यांवर राहायचं आणि बाबांनी रस्त्यात तोंड फिरवायचं, हे मला नाही झेपायचं. एकदा आम्ही येतो. कसं होतं बघू, मग ठरवू." म्हणजे सगळं त्या एका भेटीवर येऊन ठेपलं होतं.

भेटीला येताना जावई हात हलवत येणार नव्हता. त्यानं सासऱ्यासाठी नवा डिस्क प्लेअर घेतला. चार दुकानं पालथी घातली, चार जणांना विचारलं, आणि बिघाड निघायला नको म्हणून पंधरा दिवस स्वतःच्या घरी चालवून बघितला. भेटीच्या चार दिवस आधी खोकं येऊन पोचलं. बाईंना वाटलं, आता हा नाक मुरडणार. पण कानसेनांनी खोकं उघडलं, प्लेअर उचलून बघितला आणि म्हणाले, "हलका आहे." पुढे म्हणाले, "ठीक आहे. रविवारी येतायत ना? सगळ्यांसमोर दोन्ही लावून बघू. माझा आणि ह्यांचा. न्याय म्हणजे न्याय."

भेट म्हणून आलेल्या वस्तूची कोणी परीक्षा घेतं का? पण बाई बोलतील कशा? "अहो, राहू द्या ना" एवढं म्हणाल्या. "का? घाबरतेस कशाला? चांगला असेल तर मीच म्हणेन चांगला," असं उत्तर मिळालं. आणि हेही खरं, की बाईंना क्षणभर वाटून गेलं, असेलही चांगला. म्हणतीलही चांगला. माणूस खडूस आहे, पण मापात पाप करणारा नाही. या एका वाक्याच्या आधारावर त्यांनी संसार काढला होता.

रविवारी सकाळी कानसेनांनी मांडामांड केली. दोन्ही प्लेअर कपाटाच्या एका फळीवर शेजारी शेजारी. दोघांच्या वायरी ॲम्प्लिफायरच्या पाठीत. एक नंबरला स्वतःचा, दोन नंबरला जावयाचा. ॲम्प्लिफायरच्या रिमोटवर एक दाबलं की याचं चित्र आणि याचा आवाज, दोन दाबलं की त्याचं. दोन्हींत एकाच सिनेमाची डिस्क. दुसरी डिस्क दातांच्या डॉक्टरांकडून मागून आणली होती. आवाज मोजायचं यंत्र खुर्चीवर ठेवून दोन्ही अगदी काटेकोर सारखे करून घेतले. मग फळीवर काळं कापड सोडलं, म्हणजे कोणता डबा वाजतोय ते बघणाऱ्याला कळू नये. व्यवस्था फक्कड होती. तिच्यात खोट एकच, की कोणता नंबर कोणाचा हे ज्याला कळायला नको होतं तोच ते जाणून होता. पण ही खोट आयुष्यभर काटे तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

तो आंघोळीला गेला आणि बाई खोलीत शिरल्या. फळीच्या मागे हे एवढं कोळ्याचं जाळं लोंबत होतं. लेकीची नजर आधी जाळ्यावर जाते, लहानपणापासून. त्यांनी कपाट जरासं पुढे ओढलं, केरसुणी मागे घातली, आणि दोन्ही वायरी फटकन निसटल्या. त्या खोलीत कशाला हात लावला म्हणजे घरात आठवडाभर तांडव. वायरी दोन्ही काळ्या, तोंडं सारखी, भोकं सारखी. त्यांनी एक इथे खोचली, एक तिथे खोचली, कपाट मागे ढकललं आणि बाहेर येऊन भांडी घासायला घेतली. वायरी जागच्या जागी आल्या की झालं, असं त्या धरून चालल्या. विचारायचं कोणाला?

दुपारी मंडळी जमली. लेक आणि जावई आले. बाप दारात म्हणाला, "या." तीन वर्षांनंतर एवढंसुद्धा पुष्कळ होतं. लेकीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. नेहमीचे दोन रसिक आले, दातांचे डॉक्टर आणि छापखानेवाले. हे दोघे कानसेनांची री ओढण्यात पटाईत. कानसेनांनी भुवई उचलली की डॉक्टर "अप्रतिम" म्हणणार आणि ओठ मुरडले की छापखानेवाले "छे छे" म्हणणार. खोलीत चांगल्या खुर्च्या तीनच. त्यांत हे तिघे बसले. जावयाला दिलं स्टूल, तेही दाराशी, फळीच्या बाजूला. लेक आईबरोबर चहाच्या तयारीला लागली.

कानसेनांनी कापडाखाली हात घालून दोन्ही प्लेअर एकदम चालू केले, मग समोरच्या मोठ्या पडद्यावर सिनेमा लावला. सिनेमात एक माणूस कंदील घेऊन बोगद्यातून चालला होता. मागून कोणाची तरी पावलं.

"हा एक नंबर," कानसेन म्हणाले. "अंधार बघा. नुसता काळा नाही, त्या काळ्यातसुद्धा भिंतीचे दगड दिसतायत. चेहऱ्याचा रंग बघा, माणसासारखा. आणि पावलं ऐका, कुठून येतात ती. तुमच्या उजव्या खांद्यामागून."

"अप्रतिम," डॉक्टर.

"आता दोन नंबर." बटण दाबलं. "काय झालं? भिंत गेली. चेहरा मेणाचा झाला. आणि पावलं? कुठेत पावलं? डब्यात कोणी तरी वाटाणे हलवतंय."

"छे छे," छापखानेवाले.

असं बराच वेळ चाललं. एक, दोन, एक, दोन. बाई चहा घेऊन आत आल्या तेव्हा जावई मांडीवर हात ठेवून गप्प बसला होता. आपण आणलेली वस्तू वाईट निघाली तर माणसाला जसं होतं तसा.

पडद्यावर दोन नंबर चालू होता. कानसेनांना हुरूप आलेला. म्हणाले, "आलीसच तर एक काम कर. प्लेअरचा रिमोट कापडातून चालत नाही. जावयांचा प्लेअर जरा थांबव. चित्र जागच्या जागी थांबलं की मी यांना दाखवतो, कंदिलाच्या कडा कशा फाटल्यात ते. उजवीकडचा. बारीक बटण आहे, दोन रेघांचं."

बाईंनी ट्रे खाली ठेवला, कापडाची कड उचलली आणि उजवीकडच्या नव्या प्लेअरचं बटण दाबलं.

पडद्यावरचा माणूस कंदील घेऊन चालतच राहिला.

"अगं, थांबव म्हटलं ना."

बाईंना कळलं. एका क्षणात सगळं कळलं. जाळं, केरसुणी, दोन काळ्या वायरी. म्हणजे मघापासून ज्याला मेणाचं आणि वाटाण्याचं म्हणून नावं ठेवली तो ह्यांचा लाडका डबा होता. आणि ज्याच्या भिंतीतले दगड दिसत होते तो पोराचा. त्याच वेळी एखादा शब्द तोंडातून गेला असता तर पुढचं काही झालं नसतं. "अहो, वायरी उलट्या लागल्यात. सकाळी माझ्याकडून निसटल्या." एवढंच तर म्हणायचं होतं. पण खुर्चीत डॉक्टर होते, छापखानेवाले होते. चारचौघांत ह्यांचं तोंड पडेल आणि ते गेल्यावर आपली काही धडगत नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बोलायचं ते राहिलं आणि हातानंच काय ते केलं. हात डावीकडे गेला आणि त्यांनी जुन्या प्लेअरचं बटण दाबलं. टक्. चित्र थांबलं.

"हां. बघा आता," कानसेन म्हणाले आणि उठून पडद्याजवळ गेले. कंदिलाच्या कडा दाखवल्या, चेहऱ्यावरचे ठिपके दाखवले. मग म्हणाले, "चल, चालू कर. एक नंबर लावतो, डोळ्यांना बरं वाटेल." नवा तर मघाशीच थांबवलेला होता. एक नंबर लावला असता आणि चित्र थिजलेलं दिसलं असतं, की बिंग फुटलंच होतं. बाईंनी घाईघाईनं आधी नवा चालू केला, मग जुना. इतक्या सफाईनं की त्यांच्या त्यांनाच नवल वाटलं. कापड खाली सोडलं. सगळ्यांच्या हाती कप दिले आणि रिकामा ट्रे उचलला. कोणाला काही कळलं नाही, असं त्यांना वाटलं.

त्या स्वयंपाकघरात पोचल्या नव्हत्या तोच आतून कानसेनांचा निकाल सुरू झाला. आवाज चढा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"राग मानू नका जावई. वरून चकचकीत, आत काही नाही. हलकं ते हलकंच. माणूस वस्तू काय निवडतो त्यावरून त्याची नजर कळते. पण तुम्हाला तरी काय बोलू? आमच्या घरातच नजर नाही. लेकीनंसुद्धा निवडताना वरचा चकचकाटच बघितला."

डॉक्टर हसले. छापखानेवाले छे छे म्हणाले, पण हसत हसत.

लेकीच्या हातात बशी होती. ती तिनं शांतपणे ओट्यावर ठेवली. आईकडे बघितलं. आई नळ सोडून धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागली. लेक बाहेर गेली, नवऱ्याला म्हणाली, "चल." तो उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि जाताना बाईंना म्हणाला, "चहा छान होता." त्यानं एक वावगा शब्द काढला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

संध्याकाळी दिवे लागले आणि बाईंना राहवेना. त्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. जाळं काढताना काय झालं, बटण दाबल्यावर काय दिसलं. आता घर डोक्यावर घेणार म्हणून वाट बघत राहिल्या.

कानसेन डिस्क पुसत होते. पुसतच राहिले.

"ठाऊक आहे," म्हणाले. "माझा थांबताना टक् करतो. त्यांचा करत नाही. टक् ऐकला मी."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ते बोललात ते... कळल्यावर बोललात?"

"मग काय करायचं होतं? डॉक्टरांसमोर सांगायचं, तासभर मी माझ्याच प्लेअरला शिव्या देतोय म्हणून? आणि वायरी कोणी उलट्या केल्या? तूच ना? तुझीच चूक झाकली मी."

"अहो, पण पोराचा पाणउतारा झाला. लेकीला काय काय बोललात."

"तुला तर माझ्या आधी कळलं होतं. तू का नाही बोललीस?"

तो खवट होता, आपमतलबी होता, पण हा प्रश्न त्यानं बरोबर जागी विचारला होता. त्यांना त्याचा इतका राग आला की बुजवलेल्या खिडकीच्या फळ्या नखांनी ओरबाडून काढाव्यात असं वाटलं. त्या बाहेर आल्या आणि पोळ्या करायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी कानसेनांनी वायरी सरळ केल्या, एकट्यानं बसून दोन्ही प्लेअर पुन्हा ऐकले आणि जाहीर केलं की नीट लावल्यावरही जुनाच सरस आहे. नवा खोक्यात गेला, खोकं माळ्यावर गेलं.

आठवडाभर लेकीचा फोन आला नाही. बाईंनी मनाशी ठरवलं, आता भीडभाड नाही. खरं काय ते सांगायचं. तुझ्या नवऱ्याचाच प्लेअर चांगला ठरला होता, सगळ्यांनी त्याचीच वाहवा केली होती, फक्त कोणाला माहीत नव्हतं. हे ऐकलं की लेकीचा जीव निवेल. बापावर चिडेल ती, चिडू दे. पण येईल. तीन खोल्या, मागे उजेड. त्यांनी मनातल्या मनात पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. दुपारची वेळ बघून त्यांनी स्वतःच फोन लावला. या खेपेला तोंडावर पदर धरला नाही.

"ऐक, त्या दिवशी ना, वायरी उलट्या लागल्या होत्या," त्या भराभर बोलल्या. "एक नंबर म्हणून जो लावला होता ना, तो तुमचा होता. बाबा ज्याला वाईट म्हणत होते तो त्यांचाच. सकाळी जाळं काढताना माझ्याकडून..."

"माहीत आहे," लेक म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्याला स्टुलावर बसवलं होतं ना. तिथून कापडाच्या मागचं सगळं दिसत होतं. तू आधी आमचा थांबवलास आणि चित्र थांबलं नाही, ते त्यानं बघितलं. मग तू बाबांचा थांबवलास. मग आमचा गुपचूप चालू केलास."

"मग तो बोलला का नाही?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मला म्हणाला, तुझ्या आईला माहीत होतं. त्यांनी विचार करूनच झाकलं असेल, मी कशाला त्यांची अडचण करू? घरी आल्यावरसुद्धा दोन दिवस सांगत नव्हता."

"अगं, चारचौघांत ह्यांचं..."

"आणि त्याचं? त्याला नव्हते का चारचौघं?"

बाईंनी ओट्यावरच्या फडक्याची घडी घातली.

"बाबांचं मी धरूनच चालले होते आई. ते बोलणार, हे घरून निघतानाच ठाऊक होतं. त्यांच्यासाठी मी येतच नव्हते. तू दोन गल्ल्यांवर असशील, एवढ्यासाठी येत होते." मग आवाज जरा खाली आला. "बदलीला मी नको म्हणून कळवलंय. घराच्या मालकांना तू सांगशील की मी सांगू?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या.

लेकीनं फोन ठेवला. बाईंनी चपला घातल्या आणि लगेच निघाल्या, कारण मालक दुपारचे घरी असतात. त्या घराच्या खिडक्या उघड्याच होत्या. मालकांनी विचारलं, काय अडलं, भाड्याचं काही आहे का? बाई म्हणाल्या, नाही, घर चांगलं आहे, घरात काही खोट नाही. मग कोणात खोट आहे हे मालकांनी विचारलं नाही, आणि त्याही नेहमीसारख्या गप्प राहिल्या.